कॉइलची जागा

घरात एखाद्या माणसाचं वजन किती ते पाहायचं असेल, तर तो काय बोलतो इकडे लक्ष देऊ नये; त्याला कोण काय विचारतं ते पाहावं. थोरल्यांना हल्ली कुणी काही विचारत नसे. "गोळी घेतलीस का", "पंखा लावू का" असली विचारपूस दिवसभर चाले, पण ती जमेला धरता येत नाही. ती आजाऱ्याचीही करतात आणि पाहुण्याचीही. "आता पुढं काय करू" असं विचारायला ज्याच्याकडं माणूस येतं, त्याचीच पत शिल्लक असते.

एकेकाळी थोरल्यांची पत दांडगी होती. पुस्तकबांधणीचं दुकान वडिलांचं. वडिलांमागं ते थोरल्यांनी सांभाळलं आणि धाकट्या भावाला हाताखाली घेऊन शिकवलं: घडी कशी मोडायची, दोरा किती ओढायचा, खळीच्या भांड्यावर ओलं फडकं का झाकायचं. दाबात ठेवलेल्या पुस्तकाला वाळेपर्यंत बोट लावायचं नाही, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम. पुढं थोरल्यांचे हात थरथरायला लागले, आणि धाकट्यांनी मशीनं आणली. मशीनला ना खळ लागे, ना धीर. आता थोरले दुकानात गेले की त्यांना खुर्ची मिळे, चहा मिळे, आणि कुणीतरी अदबीनं सांगे, "दादा, पाय जरा आत घ्या, गठ्ठे जायचेत." मान होता. भिंतीवरच्या फोटोला असतो तसला.

एकाच ठिकाणी थोरले अजून थोरले होते. ते ठिकाण म्हणजे टेकडीचा चढ, आणि तिथं बॉनेट उघडून उभी असलेली गाडी.

गाडीही वडिलांचीच. वयानं धाकट्यांच्या बरोबरीची आणि त्यांच्यापेक्षा लाडात वाढलेली. टेकडीपलीकडं ताई एकटी राहायची, दोघा भावांच्या मधली. तिच्याकडं जायचं तर दोघांनी मिळून आणि याच गाडीतून, असा तिचाच हुकूम होता. गाडी सपाटीवर लोण्यासारखी चाले. चढ सुरू झाला की आधी उचकी लागे, मग ठसका, आणि अर्ध्या चढावर ती मान टाके. मग थोरले खाली उतरत. धाकटे डिकीतून पाण्याचा डबा काढत. थोरले फडकं भिजवून, पिळून, पेट्रोल पंपावर घडी घालून ठेवत. इंजिनाच्या आचेनं पेट्रोलची वाफ होते, वाफ वाट अडवते, पंप गार झाला की वाट मोकळी होते: ही उपपत्ती थोरल्यांची, आणि तिच्यात फडकं कुठून आलं ते सांगायला नको. फडकं वाळेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, हेही ओघानं आलंच.

धाकटे डबा धरून शेजारी उभे राहत. दुकानात चार माणसांना हुकूम सोडणारा हा गृहस्थ तिथं दर थोड्या वेळानं हळूच विचारी, "दादा, आता?"

"थांब."

"आता?"

थोरले फडक्याला पालथा हात लावून पाहत. "अजून ओल आहे."

फडकं वाळलं की ते मान हलवत, धाकटे चावी फिरवत, आणि गाडी सुरू होई. दरवेळी होई. इतक्या वर्षांत एकदाही दगा नाही. घरी थोरल्यांची बायको याला "फडक्याची वैद्यकी" म्हणायची. म्हणेना का. चढावर उभं राहून "थांब" म्हणताना थोरल्यांच्या हाताची थरथर कमी होई, हे तिला कुठं माहीत होतं?

मग ताईच्या डोळ्याचं निघालं. ऑपरेशन करायचं आणि नंतर काही दिवस दवाखान्यात ने-आण करायची, असं ठरलं. दवाखाना टेकडीच्या अलीकडं, ताई पलीकडं. "आमच्याकडं येऊन राहा" म्हटलं तर म्हणाली, "तुमच्याकडं राहिले तर डोळा बरा होईल आणि डोकं जाईल." तेव्हा ने-आण आली आणि गाडीची नीट तपासणीही आली. धाकट्यांना दुकानातून सवड नव्हती. थोरले एकटेच गाडी घेऊन वायरमनकडं गेले.

हा वायरमन गाड्यांच्या विजेचं काम करी आणि त्याला प्रत्येक रोगाचं मूळ कॉइलमध्ये दिसे. सायकल पंक्चर झाली म्हणून कुणी नेली असती, तरी त्यानं आधी कॉइल शोधली असती. त्यानं गाडीची हकीकत निम्मी ऐकली आणि म्हणाला, "कॉइल."

"पंप आहे," थोरले म्हणाले. "वाफ होते."

"कॉइल हो, काका. ठिणगी तीच देते. तापली की आतून सुटते, गार झाली की परत धरते. आणि बसवलीय कुठं बघा. थेट इंजिनाच्या डोक्यावर. चुलीवर माठ ठेवायचा आणि गार पाणी मागायचं, असं चाललंय तुमचं."

"तुम्हाला सगळीकडं कॉइलच दिसते."

"दिसते खरी," वायरमननं कबूल केलं. "पण कधीकधी असतेसुद्धा."

थोरले हसले आणि गाडी घेऊन घरी आले. पण शब्द कानात कुसळासारखा राहिला. दुपारी बायको झोपल्यावर त्यांनी अंगणात गाडी सुरू केली आणि चालूच ठेवली. पत्रा तापला, बॉनेटवरची हवा थरथरायला लागली, आणि शेवटी उचकी देऊन इंजिन बंद पडलं. थोरल्यांनी फडकं भिजवलं. हात सवयीनं पंपाकडं गेला. तो त्यांनी मागं घेतला आणि फडकं त्या काळ्या डब्यासारख्या कॉइलवर गुंडाळलं. चर्र आवाज झाला. फडकं वाळायची वाट न पाहता त्यांनी चावी फिरवली.

गाडी सुरू झाली.

चांगली बातमी कळून हळहळायची पाळी माणसावर क्वचित येते. थोरल्यांनी तोच प्रयोग उलटा करून पाहिला: गाडी पुन्हा बंद पडेपर्यंत चालवली आणि या वेळी फडकं पंपावर ठेवलं. फडकं चिंब असताना चावी फिरवली तर गाडी ढिम्म. वाळल्यावर फिरवली तर सुरू. म्हणजे फडक्यानं कधीच काही केलं नव्हतं. जे काही केलं ते थांबण्यानं. बांधणीवाल्याचा नियम त्यांनी गाडीला लावला होता, आणि फडकं वाळेपर्यंत कॉइल आपली आपण गार होत होती. श्रेय मात्र इतकी वर्षं फडकं खात होतं, आणि फडक्यामागून थोरले.

पायरीवर बसून त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. कॉइल बदलली आणि तिथून हलवली, तर गाडी चढावर थांबणार नाही. थांबली नाही तर डबा नाही, फडकं नाही, "दादा, आता?" नाही. मग भिंतीवरचा फोटो तो फोटोच. पण कॉइल बदलली आणि जागेवरच ठेवली, तर? नवी आहे, ताईची ने-आण होईतो टिकेल. पुढं इंजिनाच्या आचेवर हळूहळू भाजत जाईल आणि एखाद्या दिवशी, कुणाचंही नुकसान न करता, पुन्हा चढावर मान टाकेल. ताईचं काम होतं, आपली जागा राहते, खोटं बोलावं लागत नाही. हिशेब इतका चोख जुळला की थोरल्यांना त्याचा संशय यायला हवा होता. तो आला नाही.

"नवी बसवा," त्यांनी वायरमनला सांगितलं. "पण जागा तीच. वडिलांच्या वेळची आहे."

"वडील काय कॉइलवर बसायचे?" वायरमन पुटपुटला. पण गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाची चूल पेटत नाही. त्यानं नवी कॉइल जुन्या जागी घट्ट बसवली. धाकट्यांना थोरल्यांनी एवढंच सांगितलं, "गाडी दाखवून आणली. एक भाग बदलला."

"कुठला?" हेही धाकट्यांनी विचारलं नाही. दादानं बघितलंय ना, मग झालं.

ऑपरेशन पार पडलं. जाताना गाडी चढ कुरकुर न करता चढली होती. ताईला घेऊन तिच्या घरी परतताना ऊन भर डोक्यावर आलं होतं. टेकडीच्या पायथ्याला रस्त्याचं काम निघालेलं, गाड्यांची रांग लागलेली. मुंगीच्या पावलानं सरकत, थांबत, पुन्हा सरकत गाडी कशीबशी त्या रांगेतून सुटली, चढाला लागली, आणि तिला उचकी आली. मग ठसका. मग नेहमीच्या जागेच्याही अलीकडं ती उभी राहिली.

मागच्या सीटवर ताई, एका डोळ्यावर पट्टी. धूळ आणि ऊन यांपासून जपा, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं. काचा लावल्या तर आत भट्टी, उघडल्या तर शेजारून जाणाऱ्या ट्रकची धूळ सरळ अंगावर. ताईनं पदराची घडी करून पट्टीवर धरली.

"आलं का तुमचं देऊळ?" ती म्हणाली.

धाकटे केव्हाच उतरले होते. डबा काढला, फडकं भिजवलं, बॉनेट वर केलं, फडकं पंपावर नीट घडी घालून ठेवलं आणि थोरल्यांकडं पाहिलं. "दादा, आता?"

थोरल्यांच्या तोंडात "थांब" तयार होतं. त्यांनी मागं पाहिलं. ताई घामानं निथळत होती, पण तक्रार करत नव्हती. ताई तक्रार करत नाही म्हणजे खरंच त्रास होत असतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"ते फडकं काढ," ते म्हणाले.

"आत्ता तर ठेवलंय. वाळू दे की."

"त्याचा काही उपयोग नाही. पंप नाही, कॉइल आहे. फडकं तिच्यावर ठेव."

धाकट्यांनी असं पाहिलं, जणू दादाला ऊन लागलंय. "काहीतरीच काय बोलतोस? इतकी वर्षं मी डोळ्यांनी बघतोय. फडकं वाळलं की सुरू होते."

"फडक्यानं नाही होत."

"मग कशानं होते?"

"आपण थांबतो म्हणून होते."

"ते मला सांगू नकोस," धाकटे म्हणाले, आणि त्यांनी चक्क फडक्यावर हात ठेवला. "शेजारच्या छापखानेवाल्याला मी हेच सांगितलं. त्याची जुनी गाडी आता याच्यावरच चालते."

थोरल्यांनी मनात पुष्कळ शक्यता धरल्या होत्या: भाऊ हसेल, चिडेल, टोमणा मारेल. आपण गादी सोडायला निघालो आणि शिष्यच पाय धरून बसला, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी फडक्याचं एक टोक ओढलं. धाकट्यांनी दुसरं सोडलं नाही. दोन उतारवयाचे गृहस्थ भर रस्त्यात एका ओल्या चिंधीला झोंबत होते.

"छोट्या," ताई आतून म्हणाली, "सोड ते. नाहीतर मी उतरते आणि चालत जाते."

छोट्याला टक्कल पडून जमाना झाला होता, पण ताईनं तसं म्हटलं की तो ऐके. फडकं सुटलं. थोरल्यांनी ते कॉइलवर गुंडाळलं, वरून डब्यातलं पाणी बेतानं सोडलं. वाफ उठली. थोडं थांबून पुन्हा सोडलं. "लाव."

"अजून वाळलं नाही, दादा."

"लाव म्हणतो ना."

धाकट्यांनी चावी फिरवली, गाडी सुरू झाली आणि ते हिरमुसले. माथ्यावर आल्यावर म्हणाले, "तेवढ्यात पंपही गार झालाच असेल."

"असेल," थोरले म्हणाले.

"तुला कधी कळलं?"

"गाडी दाखवायला नेली तेव्हा."

"म्हणजे ताईच्या ऑपरेशनच्या आधी." धाकट्यांनी गिअर जरा जोरात टाकला. "मग जागा का नाही बदललीस तेव्हाच?"

थोरल्यांनी काचेबाहेर पाहिलं. वडिलांचं नाव सांगता आलं असतं. वायरमनच्या डोक्यावरही खापर फोडता आलं असतं. "बदलली असती," ते म्हणाले, "तर तू मला पुन्हा काय विचारलं असतंस?"

धाकट्यांनी उतारावर गाडीचा वेग कमी केला.

"म्हणजे मी तिथं डबा घेऊन उभा राहायचो," धाकटे सावकाश म्हणाले, "ते तुला आवडायचं?"

"हो."

"मला नाही आवडायचं. माझे पाय भरून यायचे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू थांब म्हणायचास ना."

मागून ताईचा आवाज आला. "माझ्या डोळ्यावर पट्टी आहे म्हणून बरं. तुमच्याकडं दोन्ही डोळ्यांनी बघवलं नसतं."

पुढच्या सुट्टीला धाकटे सकाळीच थोरल्यांच्या अंगणात हजर झाले. दुकानातलं ड्रिल, वायरमनकडून आणलेली लांब जाड वायर, कॉइल धरायला पत्र्याचा नवा पट्टा, स्क्रू, सगळा सरंजाम बरोबर. ताईही शेजारणीबरोबर बसनं आली होती, सावलीत खुर्ची टाकून बसली होती. थोरल्यांनी वायरी सोडवल्या आणि कॉइल इंजिनावरून उतरवली. तिच्या जागी एक स्वच्छ चकाकता गोल राहिला. बाकी सगळीकडं तेलाचा राप.

"सांग दादा," धाकट्यांनी ड्रिल उचललं. "कुठं बसवायची?"

विचारलं. सवयीनं का होईना, विचारलं. थोरल्यांच्या जिभेवर उत्तर आलंही. आयुष्यभर त्यांच्याकडं उत्तर तयार असे. बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न. त्यांनी बॉनेटखाली वाकून नीट पाहिलं. मागचा पत्रा, बाजूचा पत्रा, दिव्याच्या मागची पोकळी. आणि त्यांच्या लक्षात आलं की फडक्याचा जन्म अशाच एका तयार उत्तरातून झाला होता.

"मला नाही माहीत," ते म्हणाले.

धाकट्यांच्या हातातलं ड्रिल तसंच राहिलं. "नाही माहीत म्हणजे?"

"म्हणजे नाही माहीत. तुला काय वाटतं?"

हा प्रश्न धाकट्यांना थोरल्यांनी कधी विचारला नव्हता. ना खळीबद्दल, ना दोऱ्याबद्दल, ना मशीन आणायच्या वेळी. धाकट्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, कुणाला विचारलं असावं म्हणून. मग बोलायला लागले, आणि थांबायचं नाव घेईनात. डबा धरून उभा राहणाऱ्या माणसाला इंजिनाकडं बघत राहण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. त्यामुळं ते इंजिन धाकट्यांना तळहातासारखं पाठ झालं होतं. ते म्हणाले, पुढं, बाजूच्या पत्र्याला लावू. जाळीतून वारा येतो, इंजिन हातभर लांब राहतं.

"पावसात पाणी उडेल तिथं," थोरले म्हणाले. "त्यापेक्षा मागच्या पत्र्याला लाव. कोरडी राहील."

"मागं सगळी गरम हवा कोंडते. पुन्हा तेच दुखणं."

"वायर तरी आखूड लागेल."

"आखूड वायरचं काय लोणचं घालायचंय? म्हणून तर लांब आणली."

"लांब वायर लोंबकळते. इंजिनाला घासली तर?"

"बांधून घेऊ. आपण बांधणीवालेच आहोत."

थोरल्यांना धाकट्यांनी असं तोडून बोलल्याचं आठवत नव्हतं. राग यायला हवा, म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली. राग येईना. उलट डोकं भराभर चालायला लागलं होतं. बाजूचाच पत्रा, पण वर, दिव्याच्या आडोशाला, पाणी पोचणार नाही अशा बेतानं: हे कुणी सुचवलं ते नंतर दोघांनाही सांगता आलं नसतं, म्हणजे दोघांनीही स्वतःच्या नावावर टाकलं.

भोक कुठं पाडायचं त्याची खूण थोरल्यांनी टोच्यानं केली. हात थरथरला.

"वाकडी झाली," धाकटे म्हणाले.

"मग तू कर."

धाकट्यांनी दुसरी केली.

"दोन्ही वाकड्या," ताई खुर्चीतून म्हणाली. "मला एका डोळ्यानं दिसतंय."

शेवटी पट्ट्याचीच भोकं पत्र्यावर धरून खुणा केल्या, जे आधीच करायला हवं होतं. ड्रिल चाललं, पट्टा बसला, कॉइल त्यात घट्ट बसली. कुठली वायर कुठल्या खुणेला जोडायची यावर आणखी एक चकमक झाली. त्यात धाकटे बरोबर निघाले आणि त्यांनी ते दोनदा बोलून दाखवलं. जाड वायर वळवून, इंजिनापासून लांब ठेवून, थोरल्यांनी ती मेणाच्या दोऱ्यानं ठिकठिकाणी बांधली. त्या गाठींत मात्र हात थरथरला नाही.

ताईची पुढची खेप आली. ऊन तसंच होतं, रस्त्याचं काम तसंच रेंगाळलेलं. ताईला आणायला टेकडी ओलांडली, तिला घेऊन पुन्हा ओलांडली, आणि गाडीनं दोन्ही वेळा चढ एका दमात काढला. उचकी नाही, ठसका नाही. ताईनं फक्त "हं" म्हटलं. थोरले कान देऊन ऐकत होते.

"पट्टा वाजतोय," ते म्हणाले.

"पट्टा नाही. तो आवाज आधीपासून आहे. दाराचा."

"दार माझ्या बाजूला आहे. मला कळत नाही?"

"तुझ्या बाजूला आहे म्हणून तर कळत नाही. तू त्याला टेकून बसलायस."

"बरं, टेकत नाही. आता ऐक."

"आता रस्ता बदलला. आता कसं कळणार?"

यावर थोरल्यांकडं एक उत्तर होतं, त्यावर धाकट्यांकडं दुसरं. पट्ट्यावरून गोष्ट स्क्रूवर गेली, स्क्रूवरून वायरमनवर, वायरमनवरून छापखानेवाल्याकडं: त्याला आता खरं सांगायचं की त्याचं फडक्यावर चाललंय तर चालू द्यायचं? थोरले म्हणाले, सांगायचं. धाकटे म्हणाले, सांग, पण मग तूच सांग, कारण तो माझ्यावर विश्वास ठेवून बसलाय. गाडी केव्हा थांबली आणि इंजिन केव्हा बंद झालं, इकडं कुणाचं ध्यान नव्हतं. थोरल्यांनी ताईची साक्ष काढायला मागं मान वळवली, तर सीट रिकामी.

"ताई कुठंय?"

धाकट्यांनी बाहेर पाहिलं. गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती. "गेली वाटतं आत."

"एकटी? पट्टी आहे तिच्या डोळ्यावर. तुला दिसली नाही?"

"मी गाडी चालवत होतो. तू मोकळा होतास."

"उभी गाडी चालवत होतास?"

दोघेही एकदमच उतरले. दवाखाना वरच्या मजल्यावर होता, जिना अरुंद. छापखानेवाल्याला काय सांगायचं यावर बोलत बोलत ते वर गेले, आणि जिन्यात पुढं कोण होतं आणि मागं कोण, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.